चष्म्याच्या काचेएवढी चमक

"कापड घरी ठेवलंत ना?" शोरूमच्या दारातच बायकोने विचारलं.

"ठेवलं," चष्मेवाले म्हणाले आणि पँटच्या उजव्या खिशावरून हळूच हात फिरवून कापड जागेवर असल्याची खात्री करून घेतली.

चष्मेवाल्यांचा उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला होता. काच हातात घ्यायची, तोंडाजवळ नेऊन 'हाः' करायचं, कापडाने गोल गोल पुसायची आणि उजेडाकडे धरून बघायची, हे त्यांनी इतक्या वेळा केलं होतं की आता हात त्यांना विचारायच्या भानगडीत पडत नसे. मन शांत असलं की हातही शांत असायचा. पण काळजी लागली, आनंद झाला किंवा कुणी काही मन लावून ऐकण्यासारखं सांगायला लागलं, की कापड आपोआप बाहेर यायचं आणि समोर जे असेल ते घासलं जायचं. मुलीच्या निकालाच्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पांढराफटक केला. मेव्हण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मायक्रोवेव्हवरचे आकडे पुसले गेले. तेव्हापासून त्या घरात दूध अंदाजाने तापतं. एकदा सासूबाई घरातली काही महत्त्वाची गोष्ट सांगत होत्या, तर जावईबापूंनी ऐकता ऐकता त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, पुसला आणि परत नाकावर बसवला. ती महत्त्वाची गोष्ट काय होती हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

आणि अशा माणसाचा जीव कुठल्या गाडीवर जडावा? तर मॅट रंगाच्या. लांबच्या प्रवासाची दणकट मोटरसायकल, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ आणि रंग शिसपेन्सिलीतल्या शिशासारखा करडा. चमक नावाला नाही. तरुणपणी अशी गाडी घेऊन लांब लांब जायचं त्यांच्या मनात होतं, ते दुकान, घर आणि मुलगी यांत मागे पडत गेलं. आता मुलगी तिच्या संसारात रमली होती, आणि चष्मेवाले दुकानात बसून गिऱ्हाइकाऐवजी गाडीची चित्रं बघत होते.

बायकोचा विरोध प्रवासाला नव्हता. मागे बसून जग बघायला तिची तयारी होती. "पण ज्या वस्तूला घासायचं नसतं, ती वस्तू तुमच्या हाती द्यायची म्हणजे मांजराला दूध राखायला बसवायचं," असं तिचं म्हणणं होतं. गाडीच्या कागदावर सही तिची लागणार होती, म्हणून शेवटी तिने अट घातली. महिनाभर दुकानाबाहेर कापड दिसता कामा नये. आणि गाडी घ्यायला जाऊ त्या दिवशी तर खिशातसुद्धा नको. दिसलं, तर त्याच पावली मागे फिरायचं आणि पुन्हा या घरात मोटरसायकलचं नाव काढायचं नाही.

महिना त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. आज मात्र कापडाशिवाय उंबरा ओलांडताना त्यांना अंगात शर्ट नसल्यासारखं वाटलं, आणि ते परत आत गेले. नुसतं खिशात ठेवू, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

शोरूममध्ये त्यांना सामोऱ्या आल्या त्या बाईंच्या हातात काळे मऊ हातमोजे होते. डॉक्टर ऑपरेशनला घालतात तितक्या गंभीरपणे त्यांनी ते घातले होते.

"तुमची गाडी मागे वर्कशॉपमध्ये तयार होतेय," हातमोजेवाल्या बाई म्हणाल्या. "तोवर ही बघा. हीच गाडी, हाच रंग. ही विकली गेलीय, एक मॅडम आत्ता न्यायला येतील. पण सर, ताई, एक सांगते. मॅट रंग सांभाळायचा कसा, हे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय मी कुणालाही किल्ली देत नाही."

"सांगा," बायको उत्साहाने म्हणाली आणि गाडीच्या डाव्या बाजूला बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "अगदी सगळं सांगा. यांना ऐकू द्या."

चष्मेवाले उजव्या बाजूला राहिले. मध्ये टाकीचा मोठा उंचवटा होता.

"पहिली गोष्ट, पॉलिश नाही. वॅक्स नाही. चमक आणणारं काहीही नाही," बाई सुरू झाल्या. "लोक म्हणतात, नवी गाडी, जरा चकाचक करू. केली की संपलं."

"ऐकताय ना?" बायको म्हणाली.

"ऐकतोय," चष्मेवाले म्हणाले. खरंच ऐकत होते. इतकं मन लावून त्यांनी शाळेतसुद्धा कधी काही ऐकलं नव्हतं.

"धुताना पाण्याचा जोरात फवारा मारायचा नाही. साधा मऊ साबण, भरपूर पाणी. पक्ष्याने घाण केली तर वाळायची वाट बघायची नाही, ओलं फडकं नुसतं ठेवायचं, मऊ झालं की उचलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोरडं फडकं घेऊन घासायचं नाही. टिपायचं. असं, बाळाचं अंग टिपतो तसं."

"घासलं तर काय होतं हो?" बायकोने मुद्दाम विचारलं.

"मॅट म्हणजे काय, ताई? रंगाचा वरचा थर बारीक खरबरीत असतो. डोळ्याला दिसत नाही, पण असतो. घासलं की तो सपाट होतो. सपाट झाला की चमकतो."

"आणि मग ती चमक घालवायची कशी?" हा प्रश्न चष्मेवाल्यांनी विचारला. फार बारीक, अभ्यासू प्रश्न होता.

"जात नाही," बाई म्हणाल्या. "काहीही करा, जात नाही. अख्खी टाकी बदलायची."

चष्मेवाल्यांनी समजल्यासारखी मान हलवली. आणि मान हलताना त्यांच्या लक्षात आलं की आपला उजवा हातही हलतोय. त्यांनी खाली बघितलं. हातात पिवळं कापड होतं. दुकानातल्या फ्रेमचं पॉलिश वर्षानुवर्षं मुरलेलं तेच कापड टाकीवर गोल गोल फिरत होतं, मघापासून, बहुधा 'पहिली गोष्ट'पासूनच.

त्यांनी हात उचलला. टाकीवर एक लांबट गोल डाग झळकत होता. बरोब्बर चष्म्याच्या काचेएवढा, काचेच्याच आकाराचा, कडा अगदी रेखीव. काम म्हणून बघितलं तर निर्दोष होतं.

कापड खिशात गेलं ते कुठल्या क्षणी गेलं हेही त्यांना कळलं नाही. समोर बायको उभी होती. तिने डाग बघितला तर कापड कळणार, कापड कळलं तर गाडी गेली, आणि गाडीबरोबर ते सगळे रस्तेही गेले. त्यांनी शेजारच्या फळीवरचं हेल्मेट उचललं आणि डागावर ठेवलं.

"सर, हेल्मेट नका ठेवू," बाई म्हणाल्या. "ओरखडा उठतो."

हेल्मेट उचलून त्यांनी तिथे कोपर टेकवलं, गालाला हात लावला आणि विचारात पडल्यासारखा चेहरा केला.

"कोपरही नको. घामाचा डाग पडतो."

मग त्यांनी त्याच फळीवरचं गाडीचं माहितीपत्रक सहज ठेवल्यासारखं तिथे ठेवलं. बाईंनी गाडीवरून वाकून दोन बोटांनी ते उचललं. "कागदसुद्धा घासतो, सर. तुम्ही ऐकत होतात ना?"

"हे कुठे ऐकतात," बायको म्हणाली. "मी पलीकडून बघते जरा कशी दिसते ती."

"नको!" चष्मेवाले ओरडलेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे, डावीकडून जास्त छान दिसते. तू तिथेच थांब. मला तुझ्याबरोबर गाडी बघायचीय. म्हणजे गाडीबरोबर तू कशी दिसतेस ते."

लग्नानंतर असं काही त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. बायको जागच्या जागी थबकली. तिला बरं वाटलं, पण त्याहून जास्त संशय आला.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला आणि बायको पर्समध्ये चष्मा शोधायला लागली. चष्मेवाले टाकीवर वाकले आणि, दुसरं काय करणार, आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी केलं.

"हाः."

डागावर वाफ धरली. चमक गेली! टाकी सगळीकडून सारखी करडी दिसायला लागली. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण वाफ काठाकाठाने विरत गेली आणि डाग पुन्हा वर आला, अंघोळ करून आल्यासारखा ताजातवाना.

"हाः."

"काय झालं हो?" बायकोने मान वर केली.

"कुठे काय? हाः. जरा उकडतंय."

"एसीत?"

"बाहेरून चालत आलो ना. हाः."

"कुठून चालत आलो? दारात उतरलो आपण." आता तिचा आवाज बदलला. "अहो, तुम्हाला दम लागतोय. असे वाकून धापा का टाकताय? बसा बघू आधी."

"नको, उभाच बरा आहे. हाः."

"डोळ्यांत पाणी आलंय तुमच्या! हे बघा, जागच्या जागी उभं राहून ज्याला धाप लागते, त्याने गाडी हाणत लांब लांब जायची काही गरज नाही. आधी डॉक्टर, मग गाडी. तोवर मी सही करायची नाही."

चष्मेवाल्यांची अशी कोंडी कधीच झाली नव्हती. श्वास सोडला तर आजारी ठरून गाडी जाणार, श्वास धरला तर डाग दिसून गाडी जाणार. ते एकदा सोडत होते, एकदा धरत होते, आणि त्यामुळे चेहरा खरोखरच आजाऱ्यासारखा लाल होत चालला होता.

अशा अवस्थेत शोरूमचं काचेचं दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. मॅडम म्हणजे नुकत्याच निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. पायात गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला जाड भिंगांचा चष्मा आणि आवाज असा, की पलीकडच्या टेबलावर खुर्चीत रेललेले दोन विक्रेते नकळत ताठ बसले.

"माझी गाडी ही?" मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तपासल्याशिवाय नेणार नाही, आधीच सांगते."

वह्या तपासायला घ्याव्यात तशी त्यांनी गाडी तपासायला घेतली. टायर दाबून बघितले. साखळी बोटाने उचलून बघितली. डाव्या पेटीचं कुलूप उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आरशाचा एक स्क्रू जरा सैल होता, तो त्यांना हाताला लागला. "हे काय?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि हातमोजेवाल्या बाई पाना आणायला पळाल्या.

"आयुष्यभर शाळेसाठी घेतलं," मॅडम बायकोला म्हणाल्या. "बाकं, काळे फळे, घंटा. स्वतःसाठी हौसेने घेतलेली ही पहिलीच वस्तू. म्हणून जरा जास्तच बघते."

हे ऐकून चष्मेवाल्यांना भयंकर वाईट वाटलं. आतापर्यंत त्यांना फक्त स्वतःची भीती होती. आता लाज वाटायला लागली. एका भल्या बाईची पहिली हौस आपण घासून ठेवली आणि वर तोंडाने वाफ देऊन ती लपवतोय, हे त्यांना फार लागलं. सांगून टाकावं असं मनात आलंही. पण बायको समोर होती.

"सरका," मॅडम म्हणाल्या. त्या उजव्या बाजूला आल्या होत्या.

शेवटची एक 'हाः' सोडून चष्मेवाले सरकले. मॅडम टाकीवर वाकल्या. नाक रंगाला टेकेल इतक्या जवळ गेल्या. वाफ विरली, डाग हळूहळू वर आला, थेट त्यांच्या डोळ्यांसमोर. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "आणा, सही कुठे करायची?"

चष्मेवाल्यांनी डोळे उघडून मॅडमच्या चष्म्याकडे पाहिलं आणि सगळा उलगडा झाला. भिंगांवर बोटांचे ठसे होते, धूळ होती, हेल्मेट घालताना लागलेलं काहीतरी चिकट होतं. एक दांडी वाकडी होती आणि त्यामुळे उजवं भिंग डोळ्यासमोर नव्हतंच. अशा चष्म्यातून या बाईंना अख्खी गाडी दिसली हेच नवल होतं.

सुटलो! मॅडम सही करतील, गाडी घेऊन जातील, आणि आपली गाडी मागून बाहेर येईल, तिला आपण आयुष्यात हात लावणार नाही. लाज होतीच, पण तिच्याही वर आनंद उसळला होता.

"हे बारीक अक्षर काही दिसत नाही बाई," सहीचा कागद लांब धरत मॅडम म्हणाल्या. "काच फार धुरकट झालीय." त्यांनी चष्मा काढला, गाडीचं ते जाड, खरखरीत माहितीपत्रक उचललं, त्याची घडी केली आणि त्या घडीने भिंग घासायला सुरुवात केली.

खर्र, असा आवाज झाला.

तो आवाज चष्मेवाल्यांच्या काळजातून गेला. त्यांनी दात आवळले. दुसरीकडे बघितलं. खर्र, खर्र. भिंगावर ओरखडे उठत होते, ते त्यांना न बघताही दिसत होते. गप्प राहा, ते स्वतःला म्हणाले. गाडी हवी असेल तर गप्प राहा. मॅडमनी दुसऱ्या भिंगाला घडी लावली.

"थांबा!" चष्मेवाले गरजले. "कागदाने? भिंग? आणा इकडे!"

मॅडमना आयुष्यात कुणी असं दटावलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने चष्मा देऊन टाकला. चष्मेवाल्यांनी तो उजेडाकडे धरला, चुकचुकले, 'हाः' केलं, खिशातून पिवळं कापड काढलं आणि पुसायला लागले. गोल गोल, आतून, बाहेरून, नाकाच्या टेकूच्या खाचेतून. वाकडी दांडी अंगठ्याने दाबून सरळ केली. पुन्हा उजेडाकडे धरून बघितलं. चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग दोन्ही हातांनी त्यांनी तो मॅडमच्या नाकावर बसवला. "आता बघा," ते म्हणाले.

"अगंबाई!" मॅडमचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "किती स्वच्छ दिसतंय! भिंतीवरचं घड्याळ दिसतंय. तुमची मिशी दिसतेय. आणि..." त्यांचं बोट टाकीवर गेलं. "हे काय आहे?"

"आणि ते काय आहे?" बायको म्हणाली. तिचं बोट नवऱ्याच्या हातातल्या कापडावर होतं.

पाना घेऊन परतलेल्या हातमोजेवाल्या बाई डागाकडे बघून जागीच थिजल्या.

"कुणी केलं हे?" मॅडमनी विचारलं. "हात वर करा."

चष्मेवाल्यांनी हात वर केला. कापड त्यातच होतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं, खिशापासून वाफेपर्यंत. "चुकलं माझं," ते मॅडमना म्हणाले. "तुमची हौस नासवली मी. आणि वर लपवलं, ते जास्त वाईट." बायकोकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. "हिचंही बरोबर आहे. ठरलं ते ठरलं. मी गाडीचं नाव काढणार नाही पुन्हा."

बायकोने पर्सची चेन ओढली. "चला," ती म्हणाली. "बाई, आमचं बुकिंग—"

"एक मिनिट, ताई," हातमोजेवाल्या बाई भानावर आल्या. "ही गाडी आता मी मॅडमना देऊ शकत नाही. तुमची मागची, ती मॅडमना देते. आणि ही..." त्यांनी डागाकडे बघून सुस्कारा सोडला. "ही आता दुसरं कोण घेणार?"

"ज्याने खराब केली त्याने घ्यायची," मॅडम म्हणाल्या. "साधी गोष्ट आहे. शाळेतही हाच नियम होता. पुस्तक फाडलं, फाडलेलं तुझं."

दाराकडे निघालेली बायको वळली. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "यांनी कापड खिशात ठेवलं नसतं, तर गाडी घ्यायची की नाही हे माझ्या हातात होतं."

"हो."

"आणि ठेवलं म्हणून आता घ्यावीच लागणार?"

"हो, ताई."

तिने नवऱ्याकडे बघितलं. चष्मेवाले जमिनीकडे बघत होते, खांदे पाडून, अगदी पश्चात्तापाने. पण मिशीचं एक टोक हलत होतं.

"हसू नका," ती म्हणाली.

"हसत नाहीये."

"मुद्दाम केलंत?"

"आईशप्पथ नाही!"

"द्या ते इकडे." तिने कापड ओढून घेतलं, घडी केली, पर्सच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात कोंबलं आणि चेन लावली. "आणि लक्षात ठेवा, ही गाडी आपण घेत नाहीये. आपल्याला घ्यावी लागतेय." मग तिने जोरात सही केली.

पहिल्या लांबच्या प्रवासात चष्मेवाले फार शहाण्यासारखे वागले. चिखल उडाला तर पाणी सोडत होते, फडक्याने नुसतं टिपत होते, हात मागे बांधून उभे राहत होते. तीन वळणांपूर्वी काढलेल्या विषयावर बायको अजून बोलत होती, आणि ते मन लावून ऐकत असूनही काहीही घासलं जात नव्हतं.

डोंगराच्या वळणावर चहाला थांबले. बायकोने हेल्मेट काढलं. केस एका बाजूला चापून बसले होते आणि दुसऱ्या बाजूला उभे राहिले होते. ती आरशाकडे वळली.

"आरसा हलवू नको हां," चष्मेवाले म्हणाले. "मोठ्या मुश्किलीने बसवलाय."

त्यांच्या उंचीला बसवलेल्या आरशात तिला नुसतं आभाळ दिसलं. तिने इकडेतिकडे बघितलं. मग टाकीशी वाकली, उजव्या बाजूला, त्या चमकत्या डागासमोर. डावीकडे मान केली, उजवीकडे केली. बोटांनी केस नीट केले, पुन्हा बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पर्सची चेन उघडली. सगळ्यात आतल्या कप्प्यातून पिवळं कापड काढून तिने नवऱ्यापुढे धरलं.

"यात कपाळ तेवढं दिसतं," ती म्हणाली. "हनुवटी येत नाही. जरा खालपर्यंत वाढवा."

चष्मेवाल्यांनी आधी कापडाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "अगं, मॅट आहे," ते म्हणाले. "घासायचं नसतं."

"माहीत आहे मला. घासा."

चष्मेवाल्यांनी कापड हातात घेतलं. मागचापुढचा रस्ता एकदा बघून घेतला, कुठून ती हातमोजेवाली बाई येत नाही ना. मग ते टाकीवर वाकले.

"हाः."